नजर सहा बाय सहा, मग डोळ्याजवळ चाकू कशाला?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा रविवारी सकाळी चिमणबागेच्या मैदानावर मित्रांबरोबर टेनिस बॉलने क्रिकेट खेळत होता. पुल मारायला गेला आणि चेंडू डाव्या डोळ्यावर बसला. ताई लिहितात:

"डोळा सुजून काळानिळा झाला, नाकातून थोडं रक्त आलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी नजर तपासली, सहा बाय सहा आहे म्हणाले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. पण सीटी स्कॅनमध्ये डोळ्याखालचं हाड मोडल्याचं निघालं. वर पाहिलं की त्याला एकाचे दोन दिसतात. डावा गाल, वरचा ओठ आणि वरचे पुढचे दात बधिर आहेत. सर्जन म्हणतात, आठ-दहा दिवस थांबू, सूज उतरू दे, मग लागलं तर टायटॅनियमची जाळी बसवू. माझे दीर म्हणतात, नजर चांगली असताना डोळ्याजवळ चाकू कशाला? पुण्याची बहीण म्हणते, थांबताय काय, आमच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाचं असंच झालं तर त्याच रात्री ऑपरेशन केलं, उद्याच्या विमानाने घेऊन ये त्याला. आणि मला एकच भीती आहे. त्या लोखंडी जाळीने डोळ्याची नस कापली गेली तर? ऑपरेशन करावं की नाही, केव्हा करावं, आणि डोळा तर जाणार नाही ना?"

ताई, जे तातडीचं होतं ते तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोनवर सांगितलं: त्याला नाक शिंकरू देऊ नका, आणि नजर अंधूक झाली, डोळा दगडासारखा टणक वाटू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. आता बाकीचं सविस्तर लिहितो. तुमच्या घरात जो वाद चालला आहे तो इथल्या पुष्कळ घरांत होतो, आणि तो मिटायचा तर डोळा कशात बसलेला असतो हे आधी नीट दिसलं पाहिजे.

उत्तर आधी देतो. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून, तुमच्या सर्जनने सांगितलेलं थांबणं बरोबर आहे. पण थांबणं म्हणजे विषय सोडून देणं नव्हे. या दिवसांत त्याची पुन्हा तपासणी व्हायला हवी आणि मार लागल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत हो किंवा नाही ठरायला हवं. आणि ऑपरेशन करावं लागलंच, तर ते डोळ्यावर होणार नाही. डोळा ज्या हाडांच्या खोबणीत बसलेला आहे त्या खोबणीच्या तळावर होणार आहे. दिरांचा सगळा आक्षेप या एका फरकापाशी अडला आहे.

डोळ्याची खोबण म्हटलं की कवटीच्या चित्रातलं काळं गोल भोक डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात ती आडव्या शंकूसारखी जागा आहे. तिचं तोंड पुढे आहे आणि टोक मागे, नाकाच्या बाजूला झुकलेलं. तोंडाशी ती सुमारे ४ सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच असते, खोली चार ते साडेचार सेंटिमीटर. एवढ्या जागेत साधारण ३० मिलिलिटर मावतं. त्यात खुद्द डोळ्याचा वाटा जेमतेम ७ मिलिलिटर, म्हणजे पाव हिस्सासुद्धा नाही. उरलेल्या जागेत डोळा फिरवणारे सहा स्नायू, पापणी उचलणारा सातवा, दृष्टीची नस, हालचालीच्या आणि स्पर्शाच्या नसा, रक्तवाहिन्या, अश्रूंची ग्रंथी, आणि या सगळ्यांना सांभाळून धरणारी मऊ चरबी. नजर तपासणारा तक्ता फक्त त्या पाव हिश्श्याबद्दल बोलतो. बाकीच्या तीन हिश्श्यांत काय बिघडलं आहे हे त्याला कळत नाही.

ही खोबण सात हाडांची मिळून बनते: कपाळाचं, गालाचं, वरच्या जबड्याचं, टाळूचं, आणि डॉक्टर ज्यांना स्फेनॉइड, एथमॉइड व लॅक्रिमल म्हणतात ती तीन. सातही हाडं सारखी मजबूत नसतात, आणि सर्जनच्या दृष्टीने खरी गोष्ट इथूनच सुरू होते. कानाकडची भिंत सगळ्यांत दणकट. छताच्या वर मेंदू आहे. नाकाकडची भिंत सगळ्यांत पातळ, पुष्कळ ठिकाणी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. वाळलेली कवटी उजेडासमोर धरली तर त्या भिंतीतून उजेड आरपार येतो. मी शिकवत होतो तेव्हा विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हेच दाखवायचो, कारण एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे तिथे हत्यार चालवताना हात आपोआप हलका पडतो.

तळसुद्धा पातळच. त्याच्या खाली गालातला सायनस, म्हणजे हवेची पोकळी. तुम्हाला वाटेल, नाकाकडची भिंत याहून पातळ असेल तर आधी ती का मोडली नाही? त्या भिंतीमागे हवेचे छोटे छोटे कप्पे आहेत, आणि त्या कप्प्यांचे पडदे तिला मागून टेकू देतात. तळाखाली असा टेकू नाही, सरळ पोकळी आहे. पुष्कळदा दोन्ही मोडतात, तेव्हा रिपोर्टमध्ये आतल्या भिंतीबद्दल काय लिहिलं आहे तेही वाचून घ्या.

चेंडू लागल्यावर काय झालं असेल? टेनिसचा चेंडू साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि खोबणीचं तोंड चार. म्हणजे चेंडू आत शिरू शकत नाही. तो कडेच्या जाड हाडावर आदळतो आणि त्याच क्षणी डोळ्याला मागे ढकलतो. खोबणीतला दाब एकदम वाढतो आणि सगळ्यांत कच्ची जागा खाली फुटते. कडेवरचा धक्का हाडातून मागे जाऊन तळाला वाकवतो आणि मोडतो, हेही एक कारण मानलं जातं. बहुधा दोन्ही गोष्टी घडतात. १९५७ साली न्यूयॉर्कच्या स्मिथ आणि रीगन या डॉक्टरांनी आयर्लंडच्या हर्लिंग खेळातला चेंडू शवाच्या डोळ्यावर ठेवून त्यावर हातोडा मारून पाहिला. कड शाबूत राहिली आणि तळ फुटला. अशा मोडीला इंग्रजीत 'ब्लोआउट' म्हणतात, आणि तुमच्या मुलाच्या रिपोर्टवर तोच शब्द असणार.

तळ फुटला म्हणून पुष्कळदा डोळा वाचतो, असंही मानतात. दाबाला खाली वाट मिळाली नाही तर तो डोळ्यावरच येईल. त्याच्या नाकातून आलेलं रक्तसुद्धा बहुतेक त्या सायनसमधूनच आलेलं.

डोळा आणि सायनस किती जवळचे शेजारी आहेत हे इंदूरला २०२१ साली फार वाईट रीतीने कळलं. कोरोनानंतरची काळी बुरशी नाकातून सायनसमध्ये आणि तिथून याच पातळ भिंतींमधून खोबणीत शिरत होती. एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचे वॉर्ड त्या रुग्णांनी भरले होते आणि कित्येकांचा जीव वाचवायला डोळा काढावा लागला. तुमच्या ओळखीत तसं कुणी असेल आणि म्हणून 'सायनस' शब्द ऐकून धडकी भरत असेल, तर सांगतो, तुमच्या मुलाचा प्रकार तो नव्हे. त्याला जंतूंनी पोखरलेलं नाही, मार लागला आहे.

आता त्याची लक्षणं. गाल, ओठ आणि दात बधिर का? स्पर्शाची एक नस खोबणीच्या तळातूनच पुढे येते, आधी उघड्या खाचेतून आणि मग हाडाच्या बोगद्यातून, आणि डोळ्याखाली बोटभर अंतरावर गालात उतरते. तळ बहुतेक वेळा याच नसेच्या नाकाकडच्या बाजूला मोडतो आणि नस चेमटते किंवा ताणली जाते. ती तुटलेली नसेल तर बधिरपणा हळूहळू ओसरतो, पण त्याला आठवडे नाही, महिने लागतात. काहींचा थोडा राहून जातो. फक्त या बधिरपणासाठी सहसा कुणी ऑपरेशन करत नाही. तेवढ्या दिवसांत त्याला फार गरम चहा पिताना सांभाळायला सांगा. ओठ भाजलेला कळणार नाही.

एकाचे दोन दिसतात ते जास्त महत्त्वाचं. डोळा खाली ओढणारा स्नायू अगदी तळाला लागून जातो. वर बघताना त्या स्नायूने सैल व्हायला हवं. तो किंवा त्याच्या भोवतीची चरबी मोडलेल्या फटीत अडकली असेल तर तो सैल होत नाही, डावा डोळा उजव्याच्या बरोबरीने वर जात नाही, आणि दोन डोळे दोन ठिकाणी बघू लागतात. नेदरलँड्सचे कोर्नीफ यांनी १९७०च्या दशकात खोबणीचे बारीक काप करून दाखवलं की ही चरबी नुसती भरलेली नसते. तिच्यातून सूक्ष्म तंतूंचे पडदे स्नायूंपासून थेट हाडाच्या आवरणापर्यंत गेलेले असतात. म्हणून स्कॅनमध्ये स्नायू मोकळा दिसला तरी नुसती चरबी अडकल्याने डोळा अडू शकतो. उलट, काहीच अडकलेलं नसतानाही निव्वळ सुजेमुळे आणि रक्त साकळल्यामुळे पहिल्या आठवड्यात दोन दिसू शकतं, आणि ते आपोआप जातं. या दोन्हींत फरक करायचा म्हणून सर्जन थांबले आहेत. दुहेरी दिसणं रोज थोडं थोडं कमी होत असेल तर चांगलं लक्षण. जसंच्या तसं राहिलं तर स्थानिक भूल देऊन, डोळा बारीक चिमट्याने धरून फिरवून बघतात. अडकलेला डोळा हाताला लगेच कळतो.

इथेच पुण्याच्या ताईंचं म्हणणं बघू. त्यांनी पाहिलं ते खरं आहे आणि त्या मुलाच्या डॉक्टरांनी केलं तेही बरोबर आहे. पण तो मुलगा नऊ वर्षांचा. कोवळं हाड मोडत नाही, वाकतं. दाबाने तळ खाली उघडतो, स्नायू फटीत उतरतो, आणि हाड पुन्हा वर येऊन त्याला चिमटीत पकडतं. त्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो मरू लागतो. अशा मुलांचा डोळा बाहेरून फारसा लाल किंवा सुजलेलाही दिसत नाही, म्हणून घरचेच नव्हे, कधी डॉक्टरही फसतात. मूल वर बघायला तयार नसतं, मळमळ होते, उलट्या होतात, नाडी मंदावते. डोळ्याचा स्नायू ओढला गेला की हृदयाचा वेग कमी होण्याची ही प्रतिक्रिया १९०८ पासून वैद्यकाला माहीत आहे. उलट्या बघून डोक्याला मार लागला असेल असं समजून मुलाला नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं जातं आणि मोलाचे तास जातात. अशा मुलाला एक-दोन दिवसांच्या आत टेबलावर घ्यावंच लागतं. हे वाचणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांनी लक्षात ठेवावं म्हणून एवढं लिहिलं. तुमच्या मुलाला उलट्या नाहीत, त्याचं हाड मोठ्या माणसाचं आहे, म्हणून त्याला ते घड्याळ लागू नाही. त्याला उलट्या झाल्या किंवा नाडी मंद लागली तर मात्र वय कितीही असो, थांबायचं नाही.

विमानाचंही लगेच सांगतो. सायनस आणि खोबण यांच्यामध्ये सध्या भगदाड आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आणि खोबणीत हवा शिरलेली असेल तर ती फुगते. तेव्हा आत्ता विमान नको, आणि पुढेही सर्जनला विचारल्याशिवाय नको. या कामासाठी इंदूर सोडायचीही गरज नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, कारण ती अजून दिसतच नसेल. डोळा खोल जाणं. जुन्या पलंगाची नवार सैल पडली की गादी खाली झोळ खाते आणि झोपणाराही तिच्याबरोबर खाली जातो; खोबणीचा तळ खचला की चरबी सायनसमध्ये उतरते आणि डोळा तसाच मागे आणि खाली बसतो. खोबणीची जागा १ मिलिलिटरने वाढली तर डोळा साधारण १ मिलिमीटरच्या आसपास मागे जातो. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त झालं की समोरच्याला दिसू लागतं: एक डोळा लहान वाटतो, वरच्या पापणीवर खड्डा पडतो. पहिल्या दिवसांत सूज डोळ्याला पुढे ढकलून ठेवते, त्यामुळे हे सगळं झाकलेलं राहतं. सूज उतरली की खरं मोजमाप घेता येतं.

माझ्या मते दुहेरी दिसण्याकडे घरचे लोक लक्ष देतात, आणि या खोल जाण्याकडे मात्र 'दिसायला जरा वेगळं, एवढंच' म्हणून दुर्लक्ष करतात. सहा महिन्यांनी मुलगा फोटोत बाजूला उभा राहू लागला की मग धावपळ होते. तोवर आतले चट्टे घट्ट झालेले असतात आणि तेच काम कितीतरी अवघड होऊन बसतं. दोन आठवड्यांची मुदत त्यासाठी. फार लवकर केलं तर सुजेत काम करावं लागतं आणि कदाचित गरजही नसते. फार उशिरा केलं तर मांस हाडाला चिकटून बसतं.

म्हणजे निर्णय तीन गोष्टींवर: दुहेरी दिसणं टिकून आहे का आणि डोळा खरंच अडकला आहे का, डोळा दोन मिलिमीटरपेक्षा खोल गेला आहे का, आणि तळाचा किती भाग गेला आहे. साधारण अर्ध्याहून जास्त तळ मोडला असेल तर आज खोल दिसत नसला तरी पुढे जाणार, असं धरून चालतात. यातलं काहीच नसेल तर दीर म्हणतात तसं चाकूशिवायही सगळं ठीक होऊ शकतं, आणि तसं झालं तर मला आनंदच आहे. पण तो निर्णय मोजून व्हावा. 'नजर चांगली आहे' हे त्याचं कारण असू नये.

आता तुमची भीती. ती खरी आहे, तिला मी वेडगळ म्हणणार नाही. दृष्टीची नस खोबणीच्या अगदी टोकाला, हाडाच्या छोट्या बोगद्यातून आत मेंदूकडे जाते. पण सर्जन तिथे अंधारात चाचपडत जात नाही. बहुतेक वेळा खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेतात, म्हणून बाहेर व्रण दिसत नाही. मग खोबणीच्या कडेवर पोचून हाडाचं पातळ आवरण हाडापासून सोडवत मागे जातात. डोळा, स्नायू, नसा सगळं त्या आवरणाच्या वर राहतं आणि सर्जन आवरणाच्या खाली काम करतो. सायनसमध्ये उतरलेली चरबी हलकेच वर घेतात, तळातली ती स्पर्शाची नस ओळखून जपतात, आणि मोडीच्या चारही बाजूंनी शाबूत हाड सापडेपर्यंत जातात. मागच्या बाजूला टाळूच्या हाडाचा एक छोटा कंगोरा असतो. तो बहुतेक मोडीत शाबूत राहतो आणि जाळीची मागची कड त्यावर टेकवायची असते. तळाच्या पुढच्या कडेपासून दृष्टीच्या नसेच्या बोगद्यापर्यंत साधारण साडेचार सेंटिमीटर अंतर असतं. जाळीला तिथवर जायचं कारणच नसतं.

नाकाकडच्या भिंतीवर तर सर्जनच्या ओळखीच्या खुणा ठरलेल्या आहेत. अश्रूंच्या पिशवीपुढच्या हाडाच्या कंगोऱ्यापासून मागे २४ मिलिमीटरवर एका धमनीचं छिद्र, तिथून १२ मिलिमीटरवर दुसरं, आणि त्यापुढे फक्त ६ मिलिमीटरवर दृष्टीच्या नसेचा बोगदा. चोवीस, बारा, सहा: हे आकडे प्रत्येक शिकाऊ सर्जन पाठ करतो, आणि माणसागणिक ते थोडे बदलतात हेही त्याला शिकवलेलं असतं. म्हणून ऑपरेशनआधी त्याच रुग्णाच्या स्कॅनवर ही अंतरं मोजून घ्यायची असतात. निसर्गानेही इथे थोडी सोय केली आहे. डोळ्याच्या मागून बोगद्यापर्यंतचं सरळ अंतर २ सेंटिमीटरच्या आत, पण खोबणीतली नस अडीच ते तीन सेंटिमीटर लांब. ती ढिली, किंचित वळण घेऊन असते. म्हणूनच डोळा फिरला, थोडा पुढे आला, तरी नस ताणली जात नाही.

जाळी लोखंडाची नसते. टायटॅनियम हाडाला मानवतं, गंजत नाही, आणि पुढे कधी एमआरआय करावा लागला तरी सहसा अडचण येत नाही. काही सर्जन सच्छिद्र पॉलिएथिलीनचा पत्रा वापरतात, काही रुग्णाचंच हाड घेतात. वस्तू कोणती यापेक्षा ती कोणत्या आकारात बसवली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खोबणीचा तळ सपाट नसतो. पुढे तो जरा खोलगट, आणि डोळ्याच्या मागे वर चढत जातो. नाकाकडच्या कोपऱ्यात तर त्याला चांगला फुगवटा असतो. तो फुगवटा डोळ्याला मागून आधार देतो. जाळी सपाट बसवली किंवा तिची मागची कड चढायच्या ऐवजी सायनसमध्ये घसरली, तर एक्स-रेत भोक बुजलेलं दिसतं आणि डोळा मात्र खोलच राहतो. फसलेल्या ऑपरेशनमागे पुष्कळदा हेच कारण असतं.

एक गंमत वाटावी अशी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. थायरॉइडच्या आजारात काहींच्या डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी इतकी फुगतात की डोळे बाहेर येतात आणि दृष्टीची नस दाबली जाते. तेव्हा सर्जन हाच तळ आणि हीच नाकाकडची भिंत मुद्दाम काढतात, म्हणजे डोळ्याला मागे बसायला जागा मिळते. तुमच्या मुलाच्या बाबतीत जी दुर्घटना, ती तिथे उपचार. दोन्हीकडे हिशेब मिलिलिटरचाच.

धोके शून्य नाहीत. दुहेरी दिसणं काही काळ राहू शकतं, खालची पापणी किंचित ओढली जाऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. नजर जाणं फार विरळ, पण जे काही घडतं ते बहुधा नस कापल्यामुळे नव्हे, तर डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दाब वाढल्यामुळे. हे वेळीच ओळखलं तर पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात छोटा छेद देऊन दाब मोकळा करता येतो आणि नजर वाचते. दीड-दोन तास तसेच गेले तर मात्र परत आणणं कठीण. म्हणून मुलगा ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं कुठलंही औषध, अगदी आयुर्वेदिक काढासुद्धा घेत असेल तर सर्जनला आधीच सांगा.

पुढच्या भेटीला जाताना काय विचारायचं? नजर तपासली ती ठीक, पण बाहुली मोठी करून आतला पडदा पाहिला का? बोथट माराने पडद्याला फाट पडू शकते आणि सहा बाय सहा नजरेतही ती लपते. स्कॅनचे काप पातळ आहेत का, आणि समोरून आणि बाजूने असे दोन्ही बघितले का. तळाची मोड समोरच्या कापांत उत्तम दिसते, आणि मागचा कंगोरा शाबूत आहे की नाही ते बाजूच्या कापांत. डोळ्यांची हालचाल तक्त्यावर नोंदवली का, म्हणजे आठवड्याने सुधारली की नाही हे आठवणीवर नव्हे, कागदावर ठरेल. डोळा किती खोल आहे ते मोजलं का. आणि सर्जनने स्वतः अशी किती कामं केली आहेत, हे संकोच न करता विचारा. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

सर्जन कोण असावा यावरूनही दिरांचं काही म्हणणं असेल, म्हणून लिहितो. हे काम डोळ्याचे ऑक्युलोप्लास्टी सर्जन करतात, आणि चेहऱ्याच्या हाडांचे मॅक्सिलोफेशियल सर्जनही करतात. ते दंतवैद्यकातून आलेले असतात, म्हणून 'दातांचा डॉक्टर डोळ्यापाशी कशाला' असं म्हणू नका. चेहऱ्याची हाडं हाच त्यांचा अभ्यास. काही ठिकाणी कान-नाक-घसा सर्जन दुर्बिणीने सायनसकडून मदत करतात. एमवायसारख्या मोठ्या ठिकाणी हे सगळे विभाग एका आवारात किंवा जवळपास मिळतात. खासगीत गेलात तरी नेत्रतज्ज्ञाने आधी आणि नंतर तपासणं सोडू नका.

तोवर घरी: उशी उंच, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, वर हळदीचा लेप नको, चोळणं तर मुळीच नको. दोन दिसत असेल तोवर गाडी चालवायची नाही, ए.बी. रोडवर तर नाहीच. वाचताना त्रास होत असेल तर एक डोळा झाकून वाचू दे, त्याने काही बिघडत नाही. मैदानाचं नाव निदान दीड महिना तरी नको, आणि जाईल तेव्हा पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा लावूनच. वर्षातून एकदा त्या डोळ्याचा दाब तपासून घ्या. अशा मारानंतर काचबिंदू कधी वर्षांनीही येतो आणि तो दुखत नाही.

ऑपरेशन झालंच तर पहिल्या रात्री तुम्ही त्याच्याजवळ थांबा. डोळा पट्टीने पूर्ण बंद करणार का ते आधी विचारा. मला तरी तो उघडून तपासता यावा असाच बरा वाटतो. ठरलेल्या वेळेला नर्सने येऊन त्याला उठवलं पाहिजे, टॉर्च मारून बाहुली बघितली पाहिजे आणि बोटं मोजायला सांगितली पाहिजेत. दुखतंय म्हणाला आणि गोळीने थांबत नसेल, किंवा बोटं मघापेक्षा पुसट दिसतात म्हणाला, तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. ड्युटीवरच्या डॉक्टरला तिथल्या तिथे बोलवा. रात्रीचा त्यांचा नंबर संध्याकाळीच लिहून घ्या.